न मिळालेल्या भूखंडाचे मोल

शहराच्या वेशीबाहेर, महामार्गापासून थोडा आत, चुन्याच्या रेघांनी आखलेला एखादा माळ दाखवावयाचा आणि त्यातील दीड-दोन हजार चौरस फुटांचा तुकडा मासिक हप्त्यांनी विकावयाचा, हा व्यवसाय गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात इतका फोफावला आहे, की विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या जोडीला ‘प्लॉट’ हा नोकरदाराच्या संसाराचा तिसरा आधार मानला जाऊ लागला. यांपैकी अनेक व्यवहार सुरळीत पार पडतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांचे पार पडत नाहीत, त्यांची कहाणी थोड्याफार फरकाने एकाच वळणाने जाते : हप्ते फिटतात, पावत्यांची चवड वाढते, पण खरेदीखत होत नाही, खरेदीखत झालेच तर मोजणी होत नाही, आणि मोजणीचा दिवस उगवलाच, तर मूळ मालकाचा एखादा वारस आपला हिस्सा सांगत हद्दीवर उभा राहतो. शेवटी खरेदीदार ग्राहक आयोगाकडे तक्रार गुदरतो, काही वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागतो, आणि त्याने भरलेली रक्कम व्याजासह परत करावी असा हुकूम होतो. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या जिंकलेल्या माणसाचा. माझे प्रतिपादन असे, की अशा प्रकरणांत आपली न्यायव्यवस्था अन्याय ओळखते, पण हानीचे माप अपुरे घेते. आणि माप अपुरे घेतल्यामुळे वचनभंग करणे हे वचन पाळण्यापेक्षा अधिक किफायतीचे ठरते.

हे प्रकरण समजून घ्यावयाचे तर विकणाऱ्याच्या हातात वास्तविक काय असते, ते प्रथम पाहिले पाहिजे. पुष्कळदा विकासक हा जमिनीचा मालक नसतोच. शेतकऱ्याशी त्याने साठेखत केलेले असते, किंवा त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र घेतलेले असते. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच चालू असते. करारनाम्याने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम स्पष्ट सांगते. आणि मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा एकवार बजावले. त्याखेरीज १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मज्जाव करणारा १९४८ चा कूळकायदा, आणि जमीन महसूल संहितेनुसार लागणारी बिनशेती परवानगी, असे अडसर असतातच. तात्पर्य, अभिन्यास मंजूर होऊन बिनशेती आदेश निघेपर्यंत अमुक क्रमांकाचा भूखंड म्हणून जे विकले जाते, ते केवळ नकाशावर अस्तित्वात असते. नागपुरात तर अनधिकृत अभिन्यासांची गणती करता करता ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडेच वस्त्यांची विशेषणे होऊन बसले. आणि २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करणारा कायदा करून, पुढे २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून, शासनानेच अप्रत्यक्षपणे असा दिलासा दिला, की आज जे नियमबाह्य आहे ते उद्या नियमित होईल. अशा वातावरणात खरेदीदाराने कागद तपासले नाहीत म्हणून त्यालाच दूषण देणे सोपे आहे. पण ज्या दस्तऐवजांचा अर्थ लावताना तलाठ्यापासून उच्च न्यायालयापर्यंत मतभेद होतात, ते एखाद्या शिक्षकाला वा परिचारिकेला निर्विवाद उमगले पाहिजेत, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही.

दिवाणी न्यायालयाचा रस्ता अशा माणसास पूर्वीही खुला होता. परंतु कोर्ट फी, वकील आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे यांमुळे तो नावापुरताच खुला होता. ज्या ग्राहक चळवळीने ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला, तिला महाराष्ट्राने मोठे बळ दिले. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात उभारलेली ग्राहक पंचायत आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत ही त्याची साक्ष. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला तेव्हा त्यात घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख नव्हता. तो १९९३ च्या दुरुस्तीने आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की घर वा भूखंड देण्याचे कबूल करून तो वेळेत न देणे ही सेवेतील त्रुटी होय, मग ती खाजगी कंत्राटदाराची असो की सरकारी प्राधिकरणाची. इतकेच नव्हे, तर अधिकाऱ्यांच्या छळवादापोटी द्यावी लागलेली भरपाई सार्वजनिक तिजोरीवर न टाकता त्या अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असेही त्या न्यायालयाने सांगितले. पुढे २०१२ मध्ये हैदराबादच्या नार्ने कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात हेच तत्त्व विकसित भूखंडांना लागू झाले : रस्ते, गटारे, पाणी आणि वीज यांचे आश्वासन देऊन मंजूर अभिन्यासातील भूखंड विकणारा केवळ जमीन विकत नाही, तर सेवा देतो. लगेच पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने या तत्त्वाची मर्यादाही आखून दिली, ती अशी, की विकासाचे कोणतेही आश्वासन नसलेल्या, निव्वळ जमिनीच्या तुकड्याचा ताबा दिला नाही म्हणून ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही.

ही विभागणी तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि एका कायद्याने साऱ्या स्थावर मिळकतीचे तंटे आपल्या कवेत घेऊ नयेत, हा तिच्यामागचा हेतूही समजण्याजोगा आहे. परंतु तिचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. भूखंडाचा तंटा ग्राहक आयोगापुढे यावयाचा, तर त्यास सेवेच्या तंट्याचे रूप घ्यावे लागते; आणि एकदा ते रूप घेतले, की न मिळालेली जमीन ही न दिलेली सेवा ठरते, न दिलेल्या सेवेचे पैसे परत करावयाचे असतात, आणि पैशाची भरपाई व्याजाने होते. अशा रीतीने, कोणी मुद्दाम ठरविलेले नसतानाही, जमीन वादातून नाहीशी होते आणि मागे राहते ती मुद्दल व व्याजाची खतावणी.

याचे पर्यवसान काय होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. दीड हजार चौरस फुटांचा भूखंड दोनशे रुपये दराने कोणी घेतला व तीन लक्ष रुपये चुकते केले, असे धरू. दहा वर्षांनी, नऊ टक्के सरळ व्याजाने, त्याच्या हाती पाच लक्ष सत्तर हजार रुपये येतील. दरम्यान शेजारी रस्ता झाला, वस्ती आली आणि दर आठशे रुपयांवर गेला, तर त्याच भूखंडाची किंमत बारा लक्ष होते. म्हणजे आयोगाचा हुकूम तंतोतंत पाळूनही विकासकाच्या गाठीस सहा लक्ष तीस हजार रुपये उरतात. आणि जिंकलेल्या खरेदीदारास, त्याला जो भूखंड मिळावयाचा होता, त्याचा अर्धा भागही त्या पैशात घेता येत नाही. भाव ज्या मानाने चढतील, त्या मानाने ताबा न देण्याचा मोह वाढतो, आणि तो मोह आवरण्याचे सामर्थ्य व्याजाच्या ठरीव दरात नसते. यावर कोणी म्हणेल, की भाव उतरलेही असते. खरे आहे, पण ताबा वेळेवर मिळाला असता, तर जमीन ठेवावी की विकावी याचा निर्णय खरेदीदाराने आपल्या जबाबदारीवर घेतला असता. तो निर्णय करण्याची संधीच ज्याने हिरावून घेतली, त्याने भावाच्या चढ-उताराचा हिशेब आपल्या सोयीने मांडू नये.

विशेष हे, की आपल्या जुन्या कायद्यास ही गोष्ट चांगली अवगत होती. १८७२ च्या करार कायद्याचे ७३ वे कलम सांगते, की वचनभंगामुळे व्यवहाराच्या स्वाभाविक ओघात जी हानी होईल, ती भरून दिली पाहिजे. आणि विक्रीच्या करारात ही हानी म्हणजे ठरलेली किंमत व बाजारभाव यांतील अंतर. इंग्लंडमध्ये जमिनीपुरता याला एक अपवाद होता : विकणाऱ्याची मालकी सदोष निघाल्यामुळे विक्री फसली, तर खरेदीदाराला खर्चापलीकडे काही मिळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हा अपवाद येथे मानण्याचे नाकारले, कारण आपल्या कायद्याने जमिनीसाठी वेगळे माप सांगितलेले नाही. खुद्द इंग्लंडने तो १९८९ मध्ये मोडीत काढला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या दिवाणी न्यायालयात खरेदीदाराला तत्त्वतः जे मिळू शकत होते, त्याहून कमी आज त्याच्या सोयीसाठी उभारलेल्या आयोगात त्याच्या पदरी पडते, आणि शीघ्र न्यायाची किंमत त्याला न्यायाच्या परिमाणातून मोजावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्याही नजरेतून हे निसटलेले नाही. गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या २००४ च्या निकालात त्याने सरसकट अठरा टक्के व्याज लावण्याची पद्धत अमान्य केली, हे सर्वांच्या स्मरणात राहिले. पण त्याच निकालातील दुसरा विचार तितकासा रुजला नाही. तो असा, की जेथे ताबा देवविला जातो, तेथे मिळकतीच्या वाढलेल्या मूल्यातून खरेदीदाराची काही भरपाई आपोआप होते, म्हणून रोख भरपाई कमी असावी. आणि जेथे केवळ पैसे परत केले जातात, तेथे तो या वाढीस मुकतो, म्हणून भरपाई अधिक असावी. पर्यायी भूखंड द्यावा अथवा आजच्या बाजारभावाने रक्कम द्यावी, असे आदेश काही प्रकरणांत झालेलेही आहेत. माझे म्हणणे इतकेच, की जे काही प्रकरणांत होते ते नियम म्हणून व्हावे : विकासकापाशी देण्याजोगा भूखंड असेल, तर तोच वा त्याच अभिन्यासातील दुसरा द्यावा, नसेल, तर भरलेली रक्कम व्याजासह, अथवा निकालाच्या वेळच्या किमतीतून न भरलेले हप्ते वजा जाता उरणारी रक्कम, यांतील जी अधिक असेल ती द्यावी.

या सूचनेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की संक्षिप्त पद्धतीने काम चालविणाऱ्या आयोगाने बाजारभावाच्या पुराव्यात कोठवर शिरावे? त्यास उत्तर शासनाच्याच दप्तरात आहे. मुद्रांक शुल्क वसूल करण्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभाग गावोगावच्या जमिनींचा वार्षिक मूल्यदर तक्ता जाहीर करतो, ज्यास व्यवहारात रेडी रेकनर म्हणतात. तो अचूक नसेल. पण जे माप सरकार आपला कर घेताना प्रजेला लावते, ते प्रजेला भरपाई देवविताना निरुपयोगी कसे ठरावे? दुसरा आक्षेप विकासकाच्या बाजूचा, आणि तो अधिक गंभीर आहे : परवानगी सरकारी कचेरीत अडकली, किंवा जमीनच संपादनात गेली, तर त्याचा दोष काय? जेथे अडथळा खरोखर अनपेक्षित असेल, तेथे या आक्षेपाचा आदर केलाच पाहिजे. परंतु परवानगी मिळण्यापूर्वीच भूखंड विकावयाचे, त्या पैशातून दुसरा माळ घ्यावयाचा, आणि मग परवानगी मिळाली नाही म्हणून हात झटकावयाचे, यास अनपेक्षित अडथळा म्हणता येत नाही. तो जाणूनबुजून पत्करलेला धोका होय, आणि ज्याने नफ्यासाठी तो पत्करला त्यानेच त्याचा भार उचलावा.

माप सुधारले तरी अंमलबजावणीचा प्रश्न उरतोच. या देशात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटले होते, आणि दरखास्तीच्या तारखा मोजणाऱ्यास ते आजही पटेल. पेशवाईतील हद्दीचा तंटा गोतसभेत निवडला जाई, तेव्हा महजरावर गावच्या वतनदारांच्या निशाण्या पडत आणि तंट्याचा शेवट शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत प्रत्यक्ष शिवारात होई. त्या व्यवस्थेत जातीची व सत्तेची विषमता भरपूर होती, पण निवाडा कागदावरून जमिनीवर उतरला पाहिजे, ही जाणीव पक्की होती. आमच्या ग्राहक कायद्यात मात्र एका सदोष शब्दयोजनेमुळे २००३ पासून २०२० पर्यंतच्या अंतिम आदेशांची दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे बजावणी करता येते की नाही, हीच शंका राहिली, आणि पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे निरसन करीपर्यंत ती टिकली. नव्या, म्हणजे २०१९ च्या कायद्यात ही उणीव नाही, आणि आदेश न पाळणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. पण कैदेच्या भीतीने वसूल व्हावयाची ती रक्कमच मुळात अपुरी असेल, तर विकासक ती भरून निश्चिंत होईल.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने रोगाच्या मुळाशी हात घातला, हे त्याचे श्रेय. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंड-प्रकल्पास नोंदणीवाचून जाहिरातही करता येत नाही. नोंदलेला करार केल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. आणि आलेल्या पैशापैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा न मिळाल्यास पैसे परत मागण्याचा हक्कही त्याने निरपवाद केला. परंतु तेथेही मुख्य उपाय व्याजाचाच आहे, आणि महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या कर्जदराशी बांधलेला आहे. म्हणजे माळावर आखलेल्या भूखंडांचा पैसा हे विकासकाला बँकेपेक्षा थोडे महाग, पण तारण न मागणारे कर्जच ठरते. कायद्याने भरपाईची वेगळी तरतूद केली आहे आणि ती ठरविण्यास निर्णय अधिकारीही नेमला आहे. गैरवाजवी लाभ किती झाला, हे त्याने विचारात घ्यावे, असेही कायदाच सांगतो. ती तरतूद वापरात आणावयाची एवढेच करणे आहे.

म्हणून या प्रश्नात नव्या कायद्याची मागणी करण्यापेक्षा असलेल्या कायद्याच्या वापराचा आग्रह धरणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. खरेदीदाराने तक्रारीत केवळ परताव्याची नव्हे, तर भूखंडाची अथवा त्याच्या आजच्या मूल्याची मागणी प्रथमपासून करावी व मूल्यदर तक्त्याचा उतारा सोबत जोडावा. आयोगांनी व्याजाचा ठरीव दर लावण्यापूर्वी, ताबा न देऊन विकासकाने काय कमावले, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारावा आणि त्याचे उत्तर निकालपत्रात नमूद करावे. या प्रश्नाचे उत्तर शून्यावर येईल, तेव्हाच भूखंड विकून तो न देणे हा तोट्याचा धंदा होईल; आणि धंदेवाईकाला वचनाची आठवण उपदेशापेक्षा तोट्याने अधिक राहते.