मुलांच्या भीतीची मोजदाद

भीति हा मनुष्याचा उपजत धर्म आहे; तथापि तीच मर्यादा सोडून बालकाची झोंप, भूक व अभ्यास हिरावूं लागली म्हणजे तिला विकार म्हणणें प्राप्त होतें. अशीं मुलें वेळींच ओळखतां यावीं म्हणून वैद्यकशास्त्रानें प्रश्नावलीचा मार्ग काढला आहे. अमेरिकेंतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञमंडळानें २०२२ सालीं ८ ते १८ वर्षांच्या मुलांची, बाह्य लक्षण दिसत नसलें तरीहि, अशी चाचणी घेण्याची शिफारस केली. एका प्रचलित प्रश्नावलींत ४१ विधानें असतात. प्रत्येकास शून्य, एक वा दोन गुण, आणि बेरीज २५ झाली कीं पुढील तपासणी. मुलाच्या अंतःकरणांत असें डोकावणें योग्य आहे काय?

घरची वडील मंडळी म्हणतील, 'आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं.' हें आम्हांस मान्य नाहीं. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०२२ सालीं सुमारें पावणेचार लाख विद्यार्थ्यांस विचारलें, तेव्हां शेंकडा ८१ जणांनीं चिंतेचें कारण म्हणून अभ्यास, परीक्षा व निकाल यांकडे बोट दाखविलें. वर्गांत दंगा करणारा मुलगा शिक्षकांस दिसतो. बाकावर मुकाट झुरणारा दिसत नाहीं. त्याला निदान कागद तरी विचारतो.

परंतु कागदास सर्व समजतें असेंहि नव्हे. आमच्या भंडारा जिल्ह्यांत नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या मुलानें 'शाळेंत जावयास भीति वाटते' असें लिहिलें, तर ती भीति मनाची कीं वाटेवरील वाघाची? घरीं झाडीबोली बोलणाऱ्या मुलीस 'चिंता' हा शब्द पुस्तकी वाटेल. ती 'पोटांत दुखतें' एवढेंच सांगेल. हा भेद समोर बसून ऐकणाऱ्या माणसासच कळतो. म्हणून गुणांची बेरीज हें निदान नव्हे.

खरा नैतिक प्रश्न याच्याहि पुढें आहे. विल्सन व युंगनर यांनीं १९६८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथांत घालून दिलेला दंडक असा कीं, जेथें उपचाराची सोय आहे तेथेंच रोग शोधीत जावें. मुलानें धीर करून मनांतलें लिहावें आणि तो कागद शाळेच्या कपाटांत पडून राहावा, तर सांगून उपयोग नाहीं हाच धडा तें शिकेल. २०२२ पासून १४४१६ ह्या दूरध्वनीवर सल्ला मिळूं लागला, हें इष्टच झालें. पण लाखांदूरकडील खेड्यांतल्या मुलास तो क्रमांक लावून देणारें, मग त्याच्या आईबापांस समजावणारें कोणी तरी जवळ हवें. तें माणूस आधीं नेमावें, आणि मगच प्रश्न विचारावे, असें आमचें मत आहे.