सोबतीचे ऋण

प्रवास एकट्याने करावा की सोबतीने, हा वाद जुना आहे, आणि त्याचा निकाल प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे लावीत आला आहे. परंतु त्या वादाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सोबतीने निघालेल्यांपैकी एक जण वाटेत अडकला, तर बाकीच्यांनी काय करावे? मुक्काम गाठणे हे निघण्याचे प्रयोजन आणि सोबत हे त्याचे साधन, असे मानले तर साधन मोडले म्हणून प्रयोजन सोडण्याचे कारण नाही. पण घरचा उंबरठा एकत्र ओलांडला त्याच क्षणी सोबत हीही प्रयोजनाचा भाग होऊन बसते, असे मानले तर? घरापासून दूर चाकरी करणाऱ्या आम्हां लोकांना हा प्रश्न निरनिराळ्या वेषांत वरचेवर भेटतो. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे मूर्त होऊन उभा राहिला तो मोटारसायकलीच्या एका लांबच्या प्रवासात, कावेरीकाठच्या तिरुवैयारु या गावी. चाकरीने चार प्रांतांत विखुरलेले आम्ही चौघे कॉलेजातले मित्र काही वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्यास जमलो आणि चार फटफट्यांवरून रामेश्वरास निघालो. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर. तेथून सेलम आणि नामक्कलवरून कावेरी धरून तिरुचिरापल्ली. वाटेतल्या घाटांचे आणि हॉटेलांचे वर्णन करून वाचकांस शिणवीत नाही. एवढेच सांगतो की, मोटारसायकलीवरची सोबत ही फार चमत्कारिक वस्तू आहे. आगगाडीच्या डब्यात चार मित्र बसले म्हणजे पत्ते निघतात, डबे उघडतात, गप्पा रंगतात. येथे प्रत्येक जण आपापल्या यंत्रावर, आपापल्या शिरस्त्राणात, आपल्याच विचारांशी बोलत दिवसाचे आठ तास एकटा असतो. सोबत्याचा शब्द कानी पडत नाही आणि त्याचा चेहराही दिसत नाही. मग सोबत कशात राहते? ती राहते हाताएवढ्या एका आरशात.

लांब पल्ल्यावर जाणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा एक साधा नियम आहे. प्रत्येकाने आपल्या मागच्याचा दिवा आरशात दिसतो की नाही, तेवढे पाहावयाचे. तो दिसेनासा झाला की वेग कमी करावयाचा; तरीही दिसला नाही तर कडेला थांबावयाचे. रस्ता बदलताना तर वळणावर मागचा येईपर्यंत हालावयाचे नाही. हा नियम सर्वांनी पाळला की दुसरा थांबल्याचे पहिल्याला आपोआप कळते आणि सारी ओळ थांबते. सर्वांत पुढे असलेल्याला शेवटचा दिसत नाही, तरी त्याची काळजी हातोहात पुढे पोहोचते. आजकाल मोटारसायकल ही स्वातंत्र्याची, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा जीवनाची खूण मानली जाते. ज्याने चार जणांत हजार किलोमीटर घालविले आहेत, त्याला ठाऊक असते की तेथे पुढच्याचा वेग मागचा ठरवितो.

तिरुचिरापल्लीहून कल्लणै आणि तिरुक्काट्टुपळ्ळीवरून जाणारा रस्ता तिरुवैयारुस येतो. गावाच्या नावाचा अर्थच पवित्र पंचनदी. तंजावराहून उत्तरेस येणारा माणूस वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी असे पाच प्रवाह ओलांडून या गावी पोहोचतो. त्यागराजांची समाधी येथेच नदीकाठी आहे. १८४७ मध्ये ते वारले. त्यांच्या पुण्यतिथीस पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. मराठी माणसाला आणखी एक ओढ असते. तंजावरच्या भोसले राजांनी बांधलेला कल्याणमहाल कावेरीच्या घाटावर अजून उभा आहे. तो पाहावा, रात्र तंजावरास काढावी आणि दुसऱ्या दिवशी अडीचशे किलोमीटरांवरचे रामेश्वर गाठावे, असा आमचा बेत होता.

गावात शिरता शिरता आमच्यातल्या एकाच्या जुन्या गाडीच्या क्लचप्लेटा जळाल्या. मिस्त्री जाणता होता. त्याने गाडी उघडून पाहिली आणि सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील, दोन दिवस तरी मोडतील, असे सांगितले. रजा मोजकी होती. दोन दिवस थांबलो तर रामेश्वर राहिले, हे बोटांवर मोजून कळण्यासारखे होते. ज्याची गाडी होती तोच प्रथम बोलला : “तुम्ही पुढे व्हा. गाडी झाली की मी परस्पर माघारी निघेन. माझ्यापायी कोणी खोळंबू नका.”

आता, अडकलेल्यानेच मोकळीक दिली असता प्रश्न उरतो काय? वरवर पाहता उरत नाही. ऋणको आणि धनको यांच्या व्यवहारात धनकोने कर्ज सोडले की ऋणको मुक्त होतो. पण सोबत हा त्या जातीचा व्यवहार नव्हे. मित्राने दिलेली मोकळीक हे त्याचे औदार्य असते, आणि दुसऱ्याच्या औदार्याचा आपल्या सोयीसाठी पुरेपूर उपयोग करून घेणे हे काही फारसे शोभणारे नाही. शिवाय परमुलखात, जेथली भाषा त्याला येत नाही अशा गावी, उघड्या पडलेल्या यंत्रापाशी बसलेला माणूस ‘थांबा’ असे कसे म्हणेल? त्याची भीडच त्याच्याकडून ‘जा’ असे वदविते. याला उलट बाजूही आहे. थांबणाऱ्यांनी ‘आम्ही तुझ्यासाठी थांबलो’ असा चेहरा केला, तर त्या थांबण्याचे ओझे मागे राहण्याच्या दुःखाहून जड होते. कितीतरी लोक उपकाराच्या भाराने मित्रांना मुकले आहेत.

आमच्यापैकी एकाची अडचण मात्र निराळी होती. त्याच्या सामानात गंगेचा गडू होता. त्याच्या आईने पुष्कळ वर्षांपूर्वी काशीहून आणून देवघरात ठेवलेला. ते पाणी रामेश्वरावर घालावे ही तिची इच्छा. आता तिच्याने प्रवास होत नव्हता, म्हणून मुलाने ते नेण्याचे कबूल केले होते. संध्याकाळी घाटावर बसलो असता कोणीतरी त्याला नाथांची गोष्ट आठवून दिली. ती कोणा मराठी माणसाला सांगावयास नको : काशीहून रामेश्वरास न्यावयाची कावड घेऊन जाताना तहानेने तळमळणारे गाढव दिसले, तेव्हा एकनाथांनी ते गंगाजळ त्याच्या मुखी घातले आणि रामेश्वर येथेच पावला असे मानले. यावर मित्राने दिलेले उत्तर आम्हांस अद्याप विसरता आलेले नाही. तो म्हणाला, “नाथांनी दिले ते नाथांचे पाणी होते. हे पाणी माझे नाही, आईचे आहे.”

नाथांच्या गोष्टीचा हा पैलू आम्हांला तोवर सुचला नव्हता. आपले पुण्य दुसऱ्यासाठी ओतून टाकणे हे थोर खरे. पण दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेले पुण्य ओतून आपण थोर होऊ पाहणे, ही निराळी गोष्ट झाली. सरकारी चाकरीत हयात घालविणाऱ्यांना हा भेद अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. तिजोरीतल्या पैशावर दया करणारा अधिकारी आपण सर्वांनी पाहिला आहे, आणि नियमाच्या आड दडून दया टाळणाराही पाहिला आहे. गडू कोणाचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे. आपला असेल तर हात आखडू नये. परक्याचा असेल तर हात सैल सोडू नये. आणि परक्याचा आहे ही सबब खरी की सोयीची, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

शेवटी आम्ही दोघे अडकलेल्या मित्राजवळ थांबलो आणि गडूवाला पहाटे एकटाच रामेश्वरास गेला. तिसऱ्या दिवशी तो परत येऊन आम्हांस मिळाला, आणि चौघेही एकत्र माघारी फिरलो. तिघांचे रामेश्वर राहिले ते राहिलेच. परंतु तो निघाला तेव्हा चौघेही जागे होतो, आणि त्याचा दिवा वळणापलीकडे जाईपर्यंत अडकलेला मित्रही रस्त्यावर उभा होता. हा तपशील आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण वेगळे होणे हा सोबतीचा भंग नव्हे. न सांगता वेगळे होणे, हा आहे.

आणि या बाबतीत त्याच मुलखाने मराठ्यांच्या इतिहासातला एक कडू प्रसंग पाहिला आहे. तिरुवैयारुपासून थोड्याच अंतरावर, कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळपाडी हे क्षेत्र आहे. आमच्या इतिहासग्रंथांतले तिरुमलवाडी ते हेच. दक्षिणदिग्विजयाच्या मोहिमेत १६७७ च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे येथे भेटले. काही दिवस एकत्र राहिले. शहाजीराजांच्या दौलतीतील वाट्याची बोलणी निघाली. आणि एके रात्री व्यंकोजी न सांगता छावणीतून निघून तंजावरास गेले. वाटणीचा न्याय कोणाच्या बाजूला होता, याचा निवाडा इतिहासकार करोत. पुढे सैन्यांच्या लढाया झाल्या, तहही झाला. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. व्यंकोजी राजे खिन्न होऊन, राज्यकारभार टाकून विरक्तासारखे राहू लागले, हे कळल्यावर महाराजांनी त्यांस वडीलपणाने पत्र लिहून खेद सोडावा, उद्योग करावा, असा उपदेश केला. जो रात्री न सांगता निघून गेला, त्याचाही दिवा थोरल्या भावाच्या आरशातून नाहीसा झाला नव्हता.

येथे कोणी महाभारताचा दाखला पुढे करील. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन आणि अखेर भीमही पडला. धर्मराजाने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. खरे आहे. मात्र कथा तेथे संपत नाही. इंद्राचा रथ आला तेव्हा तोच धर्मराज बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास कबूल होत नाही. आणि पुढे भाऊ नरकात आहेत असे पाहिल्यावर ‘मी येथेच राहतो’ असे म्हणतो. जे पडले त्यांच्यासाठी त्या वाटेवर करण्यासारखे काहीच उरले नव्हते. जो चालत होता त्याला टाकणे मात्र त्याच्या हातात होते, आणि ते त्याने केले नाही. व्यासांनी मुक्काम आणि सोबत यांचा तंटा शेवटच्या दोन पर्वांपर्यंत सोडविलेला नाही, आणि सोडविला तो सोबतीच्या बाजूने, असे आम्हांस वाटते.

पंढरीच्या वाटेवर हाच विचार रोजच्या शिस्तीत उतरला आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समुदाय शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती आपले टाळ वाजवीतच राहते, आणि तिचे गाऱ्हाणे चोपदाराने ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. हरवल्या-सापडल्या वस्तूही तेथेच पुकारल्या जातात. एवढा अफाट समाज एका दिंडीसाठी थांबतो, तरीही आषाढीस पंढरपुरी वेळेवर पोहोचतो.

तिरुवैयारुच्या देवाची रीतही याहून निराळी नाही. तेथील ऐयारप्पर, म्हणजे पंचनदीश्वर, दरवर्षी उन्हाळ्यात सप्तस्थान उत्सवासाठी पालखीतून निघतो. बरोबर नवविवाहित नंदीची पालखी असते. नंदीचे लग्न लागते तेही त्या तिरुमळपाडीसच. तिरुप्पळनम्, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पून्तुरुत्ती आणि तिल्लैस्थानम् या सहा गावी तो जातो, आणि प्रत्येक गावचा देव आपल्या पालखीत बसून त्याला सामील होतो. शेवटी सातही पालख्या तिरुवैयारुत एकत्र येतात. भाऊ जेथून रात्री निघून गेला, त्या क्षेत्राजवळून देव सोबती गोळा करीत हिंडतात.

अप्पर या शैव संताची कथा याच गावची. कैलास पाहावा म्हणून तो उत्तरेस निघाला; पाय झिजले तेव्हा हातांवर, हात झिजले तेव्हा छातीवर सरपटत गेला. शेवटी देवाच्या आज्ञेने एका तळ्यात त्याने बुडी मारली आणि वर आला तो तिरुवैयारुच्या पुष्करिणीत. तेथेच त्याला कैलासदर्शन झाले. पण कसे? हत्तीबरोबर हत्तीण, मोराबरोबर लांडोर, कोकिळाबरोबर त्याची सखी, अशी जोडीजोडीने येणारी पाखरे आणि जनावरे त्याने पाहिली, आणि त्या जोड्यांत त्याला शिव आणि शक्ती दिसली. एकट्याने सरपटत गेलेल्याला जे शिखरावर मिळाले नाही, ते सोबतीने चालणाऱ्या मुक्या प्राण्यांत मिळाले.

आम्हां चाकरमान्यांची वाट हुकमांनी आखलेली असते. एका वर्षी एकत्र लागलेले दहा जण ज्येष्ठतासूचीत खालीवर होतात; कोणी दिल्लीस जातो, कोणी कुठल्याशा तालुक्याच्या गावी विसरला जातो. कचेरीला कोणासाठी थांबता येत नाही, आणि तिने थांबू नये हेही योग्यच. परंतु आरसा कचेरीने काढून घेतलेला नाही. मागे राहिलेल्याला महिन्यातून एक पत्र, बदलीच्या वाटेत वाकडी वाट करून एक भेट, एवढे कोणत्याही वेतनश्रेणीत परवडते. आपल्या हाती दुसऱ्याचा गडू असेल तर तो पोहोचवून यावा. जाताना सांगून जावे. आणि परत येऊन ओळीत आपली जागा घ्यावी. रामेश्वर कोठे जात नाही. मागच्या वळणावर उभा असलेला माणूस मात्र फार काळ तेथे उभा राहीलच, असा भरवसा कोणी द्यावा?