तांबडी रेघ

वाट विचारण्यात कमीपणा नाही, असे आपले वाडवडील मानीत. पारावरच्या माणसाला रामराम घालावा, वाट विचारावी आणि त्याचे आभार मानून पुढे निघावे, अशी रीत होती. आता वाट फोन सांगतो. आभार कोणाचे मानावेत, एवढे मात्र तो सांगत नाही.

वाशीच्या खाडीवर १९७३ साली पूल झाला, १९९७ मध्ये दुसरा झाला. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतूही खुला झाला. तरी सणासुदीच्या संध्याकाळी शीव-पनवेल महामार्गावर वाहने खोळंबली की, फोनमधल्या नकाशावर तांबडी रेघ उमटते. ही रेघ कोण काढतो? आकाशातला कोणी चित्रगुप्त नव्हे. अडकलेल्या माणसांच्या खिशातले फोनच आपले ठिकाण आणि वेग कळवीत असतात. बर्लिनच्या सिमॉन वेकर्ट या कलावंताने ९९ फोन हातगाडीत घालून मोकळ्या रस्त्यावरून सावकाश ओढले आणि गूगलच्या नकाशावर तेथे कोंडी दिसू लागली, हे २०२० साली जगाने पाहिले. म्हणजे आपल्याला मिळणारी बातमी ही दुसऱ्या कोणाची तरी खोळंबलेली संध्याकाळ असते.

आमचे एक स्नेही म्हणतात, ''गुरुजी, फोन आडवाट दाखवतो, मग मी रांगेत का थांबावे?'' प्रश्न रास्त आहे. आजाऱ्याला इस्पितळात नेणाऱ्याला तर ती आडवाट जीवदान देईल. पण सगळेच तिकडे वळले तर? नवा जवळचा रस्ता जोडला असता कधीकधी सर्वांचाच प्रवास लांबतो, कारण जो तो आपल्यापुरते पाहून त्याच रस्त्याला लागतो, हे डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवून दिले.

शिवाय ती आडवाट जाते कोठून? एखाद्या सेक्टरच्या आतल्या रस्त्याने. तेथे कडेला मुले दिवाळीचा किल्ला बांधीत असतात, म्हातारी माणसे शतपावलीला निघालेली असतात. फोन आपली वाचलेली दहा मिनिटे मोजतो. त्या मुलांना किती वेळा दचकून बाजूला व्हावे लागले, हे त्याच्या हिशेबात येत नाही. तो हिशेब गाडी चालवणाऱ्यानेच ठेवायचा. वाट कळली म्हणजे तिच्यावर आपला हक्क झाला, असे नाही. निकड नसेल, तर तांबड्या रेघेत चार माणसांबरोबर थांबावे. आपल्या थांबण्यानेही मागच्या कोणाला तरी वाट कळतच असते.