कापलेली वायर

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर पोट भरणारा माणूस. धागा तुटला की जोडायचा आणि पुढं सरकायचं, हे आठ तासांचं काम. कविता त्यानंतर. आमच्या गाण्याच्या पार्टीसाठी चोरबाजारातून घेतलेली जुनी बेस गिटार घुरघुरायला लागली तेव्हा वाटलं, ह्यात काय, आत एखादा धागा तुटला असंल.

गिटार जॅझ बेसची नक्कल. मूळ जॅझ बेस फेंडरनं १९६० साली काढली. दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन. विकणारा म्हणाला, एकदम ओके माल. घरी लावली तर नॉब फिरवला की खरखर, सोडला तरी एकसारखी घूंऽऽ. खरखर सोपी. पॉटच्या आत कार्बनच्या पट्टीवर घाण बसते. क्लीनर मारून नॉब पंचवीस वेळा फिरवला, गेली. जॅकचा डाग सुकला होता, जुनं कथील काढून नवा डाग दिला. घूं मात्र हटेना. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळं घूं येते ५० ची आणि १०० ची. बेसची सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली तर ९८ वर वाजते. म्हंजे घूं नेमकी सुराच्या अंगावर बसते.

तारेला हात लावला तरी फरक नाही. जॅकच्या पत्र्याला बोट लावलं की घूं दबायची. तिथं कळलं. पत्रा खोलला. ब्रिजखालून येणारी अर्थची वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. टोकाला टेप, नीट गुंडाळलेली.

विकणाऱ्याला चार शिव्या घातल्या आणि वायर जोडली. हात लागला की आवाज स्वच्छ. आमच्या आज्याचा हात लागला की लोकांचं पाणी बाटायचं. मी उगाचच दहा वेळा हात लावून पाहिला.

मग हॉलमध्ये तालीम. वाजवणारा पोरगा म्हणाला, दादा, बोटाला मुंग्या येतात. टेस्टर तारेला लावला, मिणमिणला. भिंतीतलं सॉकेट खोललं. भोकं तीन, वायरी दोन. अर्थ नव्हताच. अँपच्या पत्र्यावर उतरलेला करंट केबलच्या जाळीतून, माझ्या ताज्या डागातून, थेट पोराच्या बोटात. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसीत लेस हार्वी नावाचा गिटारवाला अर्थ नसलेल्या माइकला हात लावून स्टेजवरच मेला. असल्याच एखाद्या भिंतीला भिऊन कुणीतरी ती वायर कापली असणार.

तेव्हापासून डोक्यात हेच. ज्याला मी बदमाश म्हणालो त्यानं बोटं वाचवली होती, आणि दुरुस्ती केली म्हणणाऱ्या मी पोराला मरणाशी जोडलं. गिरणीत धागा तुटतो त्याला हेतू नसतो. कापलेल्या वायरीला असतो. का कापली, हे मी विचारलंच नाही. नीट गुंडाळलेली टेप समोर दिसत असून.

पण त्यालाही मी सोडत नाही. कापल्यानं तारा मेल्या, नॉब आणि पत्रा तसाच जिवंत. अर्धाच बचाव तो. आणि कापून, न सांगता पुढं सरकवली. सांगितली असती तर मी घेतली असती का? एक महिन्याचा ओव्हरटाइम गेला होता तिच्यात. नसती घेतली.

पोरं म्हणतात, कापून टाक परत, कार्यक्रम आठ दिवसांवर. हॉलवाला म्हणतो, इतकी वर्षं चाललंय. वायरमननं अर्थिंगसाठी पाइप, मीठ, कोळसा लिहून दिलाय, वर्गणी निम्मी जमलीय. तोवर गिटार लावायची नाही म्हणालो, तर दोघं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं खोटं नाही. बेसशिवाय गाणं पोकळ वाजतं.

पत्र्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: कोणती वायर जोडली, कुठं लावू नये. उद्या पैशाची नड पडून ती विकायची वेळ आली तर तो कागद मीच खरवडून काढणार नाही, एवढं मात्र छातीठोक सांगता येत नाही.