पाणी ऊन की गार?

दिवाळीच्या पहाटे बंबातले कढत पाणी घंगाळात ओतले की आई त्यात विसण घालते आणि लेकराच्या अंगावर घेण्यापूर्वी स्वतःचा हात बुडवून पाहते. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या खरी ठरली आहे, कारण दोघांच्या रक्ताची ऊब एकच. माप चुकलेच तर लेकरू रडून सांगते. परंतु ज्याचे रक्त आपल्यासारखे नाही आणि ज्याला रडताही येत नाही, त्याच्यासाठी पाणी कोणत्या हाताने पाहावे?

घरी शोभेचे मासे पाळणाऱ्यापुढे हा प्रश्न रोज उभा असतो; आणि पाटोद्यासारख्या गावी तर फारच. बालाघाटाच्या या पठारावर वैशाखातली दुपार चाळीस अंशांपलीकडे जाते, तर पौषातल्या रात्री गोधडी पुरत नाही. अशा घरातल्या काचेच्या टाकीत फिरणारे निऑन टेट्रा आणि एंजल मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. त्यांना साधारण २४ ते २८ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी तसा तो. थंडीत तो मंदावतो, रोगाला बळी पडतो. उन्हाळ्यात त्याला प्राणवायू अधिक लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी मावतो. २० अंशांवर एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांवर जेमतेम साडेसात.

आपले अंग ३७ अंशांचे. म्हणून ३० अंशांचे पाणी आपल्या हाताला गारच वाटते. आपण निश्चिंत होतो, आणि मासा पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंडाची उघडझाप करीत राहतो. इथे हात बाजूला ठेवून तापमापक वाचावा लागतो. ही गोष्ट केवळ सोयीची नाही, नीतीची आहे. आपल्याला सोसते ते दुसऱ्यालाही सोसत असेल, असे मानणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांनी फक्त स्वतःच्या कातडीवर भरवसा ठेवलेला असतो.

कोणी म्हणेल, ऊन काय नदीतल्या माशाला लागत नाही? लागते. परंतु सौताड्याला विंचरणेच्या डोहातला मासा तापलेले पाणी सोडून तळाशी किंवा कपारीच्या सावलीत जाऊ शकतो. टाकीत वरचे-खालचे पाणी सारखेच तापते. आपण माशाला निवारा दिला, दाणे दिले. पण त्याची निवड काढून घेतली. मग त्याच्या वतीने निवडण्याचे कामही आपलेच.

ते काम अवघड नाही. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. उन्हाळ्यात झाकण सरकवून जाळी घालावी, पाण्यावरून पंख्याचा वारा सोडावा, हवेचा पंप चालू ठेवावा, दाणे कमी करावेत. बर्फ एकदम टाकू नये, कारण अचानक बदल माशाला सोसत नाही. हिवाळ्यात थर्मोस्टॅटचा हीटर असावा. वीज गेलीच तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळावी, वरून हवा मोकळी ठेवून.

टँकरची वाट पाहावी लागते अशा मुलखात हा शौक शोभतो का, हाही प्रश्न रास्त आहे. बदललेले पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घालता येते. तो हिशेब जुळतो. जुळवायला कठीण हिशेब लक्षाचा. मे महिन्यात ज्या घराला कुलूप लागायचे आहे, त्याने टाकी आणू नये. आणलीच असेल तर शेजाऱ्याच्या हाती किल्ली देताना तापमापक कसा वाचायचा, तेही सांगून जावे.