बेथ अक्षराच्या पाठीमागे



सिमहाथ तोराच्या दिवशी आपण तोरा वाचून संपवितो आणि लगेच पुन्हा बेरेशीथला आरंभ करतो. उत्पत्तीचा हा अध्याय आलेफने सुरू न होता बेथने का होतो? आपले हाखाम सांगून गेले की बेथ हे अक्षर वरून, खालून आणि पाठीमागून बंद आहे, उघडे आहे ते फक्त पुढे. आरंभाच्या आधी काय होते याच्या मागे मनुष्याने लागू नये, याची ती खूण.

पण मनुष्य मागे लागतोच. माझ्या अल्पमतीप्रमाणे विचारण्यात पाप नाही. उत्तर हाती आले नसता ‘आले’ म्हणून सांगणे यात मात्र आहे. ते मी केले आहे, म्हणून हे लिहितो.

1964 साली अमेरिकेत न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांच्या रेडिओ अँटेनात एक खरखर येऊ लागली. अँटेना कुठेही वळवा, खरखर तीच. आत कबुतरांनी घरटे केले होते. विष्ठेचा दोष असेल म्हणून दोघांनी सारे साफ केले, तरी ती जाईना. ती सृष्टीच्या आरंभीची ऊब होती! सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीच्या आरंभानंतर 3 लाख 80 हजार वर्षांनी मोकळा झालेला तो प्रकाश, आता निवून निवून निरपेक्ष शून्याच्या वर केवळ 2.7 अंश उरलेला. पेन्झियास हे म्युनिकच्या यहुदी घरातले. 1939 साली, सहा वर्षांचे असताना, धाकट्या भावासह त्यांना यहुदी मुलांच्या आगगाडीने इंग्लंडला धाडले म्हणून वाचले. 1978 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही ऊब म्हणजे बेथची पाठची भिंत समजा. त्याआधीचे विश्व इतके तप्त व धूसर होते की प्रकाशाला वाटच नव्हती. पलीकडचे दिसत नाही, परंतु भिंतीवरच्या खुणा वाचता येतात. आकाशाच्या दोन टोकांची ऊब जवळजवळ सारखी, फरक लाखात एक. असे का? अॅलन गुथ यांनी 1980च्या सुमारास मांडले की पहिल्या निमिषाच्याही अत्यल्प अंशात विश्व एकाएकी प्रचंड फुगले. तसे झाले असेल तर अवकाशच थरथरले असेल, आणि त्या थरथरीने जुन्या प्रकाशाच्या लहरींत भोवऱ्यासारखी पुसट नक्षी उमटली असेल.

17 मार्च 2014 रोजी, पुरीमच्या दुसऱ्या दिवशी, दक्षिण ध्रुवावरील बायसेप-2 दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की ती नक्षी सापडली. येणाऱ्या शब्बाथला मी सिनेगॉगमध्ये उभा राहून सांगितले, “परमेश्वराच्या पहिल्या शब्दाचा पुरावा मिळाला!” सारे आनंदले. त्या शब्बाथची पाराशा होती शेमिनी. नादाब व अबीहू न सांगितलेला अग्नी घेऊन पुढे जातात, ती. वाचली मीच, आणि माझ्याच ध्यानात आले नाही.

पुढे प्लांक उपग्रहाची मापे आली. 2015च्या जानेवारी अखेरीस दोन्ही गटांनी मिळून हिशेब केला. दिसलेली नक्षी मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीची होती. होल्मडेलला घाण समजली ती सृष्टीची ऊब निघाली, इथे सृष्टीची खूण समजली ती धूळ निघाली. गुथ यांचा विचार यामुळे खोटा ठरला नाही, तसा सिद्धही झाला नाही. शास्त्रज्ञांनी चूक उघडपणे मान्य केली आणि पुन्हा मोजायला बसले. 2021 साली त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या मापांप्रमाणे, नक्षी असलीच तर 2014 साली सांगितली त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही फिकी आहे. शोध चालूच आहे.

मी मात्र आठ महिने गप्प होतो. त्या वर्षीच्या बेरेशीथच्या शब्बाथला कसाबसा उभा राहिलो आणि झाले ते सांगितले. बायकांच्या बाजूने एका म्हाताऱ्या मावशींनी विचारले, “म्हणजे तोरा खोटी ठरली का रे?”

“नाही मावशी, मी ठरलो.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या. “आता किद्दुश कर, पोरे भुकेली आहेत.”