मुलांच्या अंगणात शाळा

वर्गात मुलांचं लक्ष नसतं, ही तक्रार आपण सगळेच ऐकतो. अशा वेळी मला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायका मुलांना नावं ठेवत बसल्या नाहीत. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला रानात जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरायची आणि मुलं शिकायची. मोजायला खडे, शिंपले, बिया होत्या. विकत आणलेल्या साधनांवाचून शिकणं अडलं नाही. मुलांना न्हाऊ घालणं, केस विंचरणं हेसुद्धा शिक्षणच मानलं गेलं, आणि मला वाटतं, मुलांचा विश्वास तिथेच जडला असावा.

आजच्या वर्गातही असाच विश्वास लागतो. भीतीने वर्ग गप्प होतो, पण गप्प बसलेलं मूल शिकत असतंच असं नाही. चुकीचं उत्तर दिलं तरी आपल्याला कुणी हसणार नाही, याची खात्री असलेलं मूल हात वर करतं. ही खात्री शिक्षकच देऊ शकतात.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आज हजेरी घेताना मागच्या बाकावरच्या, कधीच न बोलणाऱ्या मुलाकडे एकदा नीट पाहा. त्याला नावाने हाक मारा, घरी काय काम करतो ते विचारा, आणि आजच्या धड्याची सुरुवात तिथून करा.